पंधरा गाठींचा हिशेब : ॲबस्ट्रॅक्टच्या कामाच्या नोंदी

२ जून
दुर्मिळ ट्यूमरवरच्या युरोपातल्या एका परिषदेचं पत्रक सरांनी सकाळी पाठवलं. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अभ्यासाचा छोटा सारांश, द्यायची शेवटची तारीख ३१ जुलै. सर मिरजेत कॅन्सरची ऑपरेशनं करतात, मी सांगलीत पॅथॉलॉजीची लॅब चालवते. विषय ठरवायला दोघांनाही वेळ लागला नाही : डीएफएसपी, म्हणजे डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स. त्वचेत उगवणारी, वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारी गाठ. दारिए आणि फेरां यांनी १९२४ साली तिचं वर्णन केलं, हॉफमान यांनी पुढच्या वर्षी तिला हे लांबलचक नाव दिलं. युरोपात वर्षाला लाखात सहापेक्षा कमी नवे रुग्ण असले की कॅन्सर दुर्मिळ धरतात. ही तर दहा लाखांत एक ते पाच. ती सहसा जीव घेत नाही, पण अर्धवट काढली तर त्याच जागी परत येते, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाठी आधी कुठेतरी ‘चरबीची गाठ’ म्हणून काढलेल्या असतात. हे इतकी वर्षं आम्ही चहा पिताना एकमेकांना सांगत आलो. आता मोजून लिहायचं.

सरांकडे शिकणारी निवासी डॉक्टर पहिली लेखिका. ती हुशार आहे आणि घाईत आहे.

५ जून
रजिस्टरं काढली. २०१२ ते २०२३. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात लॅबचा तळमजला पाण्यात होता. तेव्हाची रजिस्टरं आम्ही गच्चीवर पानं उलटून उलटून वाळवली होती. शाई पसरलीच. काही पानांवर फक्त निळे ढग आहेत. ब्लॉक मात्र वाचले. मेणात बसवलेल्या तुकड्याला पाणी फारसं काही करत नाही, आणि तो तुकडा ज्या छोट्या डबीत बसवतात त्या कॅसेटवरचा नंबर आमचे टेक्निशियन काका पहिल्यापासून शिसपेन्सिलीनंच घालतात. शिसपेन्सिल स्पिरिटनं जात नाही, झायलीननं जात नाही, कृष्णेच्या पाण्यानंही गेली नाही. जिथे रजिस्टर वाचता येईना, तिथे काकांनी ब्लॉकवरून नंबर सांगितला आणि तिकडून मागे येत आम्ही नाव शोधलं.

संशयित अहवाल १९. त्यातले दोन ब्लॉक नाहीत, रुग्ण दुसऱ्या मतासाठी मुंबईला घेऊन गेले ते परत आले नाहीत. राहिले १७.

१३ जून
एथिक्स कमिटीची बैठक. माझ्या लॅबला स्वतःची कमिटी नाही, म्हणून सरांच्या हॉस्पिटलच्या कमिटीकडे अर्ज होता. आम्ही रुग्णांच्या संमतीतून सूट मागितली होती. जुने, उरलेले, नाव काढून टाकलेले नमुने असतील तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तशी सोय आहे. कमिटीतल्या वकीलबाईंनी सरळ विचारलं, “नाव काढून टाकणार म्हणता, आणि पुढच्या पानावर फोन करणार म्हणता. मग फोन कोणाला करणार?”

बरोबर होतं. ब्लॉक पुन्हा कापण्यापुरती सूट, पण ज्याला फोन करायचा त्याची संमती घ्यायचीच. फोनवर काय बोलायचं ते मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून द्या, म्हणाल्या. मिरजेला येणारे निम्मे रुग्ण अथणी, जमखंडी, विजापूरकडचे असतात, ही गोष्ट आम्ही डॉक्टर विसरलो आणि त्यांच्या लक्षात होती.

२० जून
मंजुरीचं पत्र आलं. काका उद्यापासून ब्लॉक कापायला घेणार.

२४ जून
मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, ब्लॉक लावायच्या आधी काका तो बर्फावर ठेवतात. मग हाताचं चाक एका लयीत फिरतं आणि पात्यावरून मेणाची पट्टी निघते, एकाला एक चिकटलेले तीन-चार मायक्रॉनचे काप. ती पट्टी ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या आपोआप जातात, मग खालून काच घालून उचलायची. पुरातल्या दोन ब्लॉकांना कडेनं गाळाची रेघ होती. काकांनी ती चाकूनं खरवडली, पण फेकली नाही, पुडीत बांधून ठेवली. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, त्यात पेशंटचा कण असला तर?”

प्रत्येक ब्लॉकची साध्या रंगांची एच अँड ई स्लाइड, आणि गाठ कुठली ते ओळखायला सीडी३४ व एस१०० या दोन खास तपासण्या.

२६ जून
संध्याकाळी सगळ्या स्लाइडी एकत्र बघितल्या. निवासी डॉक्टर शेजारी, दोन डोक्यांच्या सूक्ष्मदर्शकावर. डीएफएसपीच्या पेशी लांबट असतात आणि एका केंद्राभोवती विणल्यासारख्या फिरतात, हातानं विणलेल्या चटईसारख्या. खरी ओळख पटते ती खाली, चरबीत. चरबीच्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या दिसतात आणि ही गाठ त्या पोळ्याच्या भिंतीभिंतींतून पुढे सरकते. वरून बोटाला जी गोटी लागते तिच्या कितीतरी पलीकडे तिची बोटं गेलेली असतात. म्हणून गोटी सोलून काढली की सर्जनला वाटतं सगळं निघालं, आणि मुळं आत राहतात. भोवतालची दोन-तीन सेंटिमीटर निरोगी दिसणारी त्वचा आणि खालचं आवरण घेऊन काढावी लागते ती एवढ्यासाठीच.

१७ मधल्या दोन बाद. एक सीडी३४ निगेटिव्ह, डर्मॅटोफायब्रोमा, म्हणजे त्वचेतली साधी गाठ. दुसरी एस१०० पॉझिटिव्ह, न्यूरोफायब्रोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची गाठ. राहिल्या १५ गाठी, १५ माणसं.

आणि एक गोष्ट आज सापडली जी मला नीट लिहून ठेवायची आहे. २०२१ च्या एका रुग्णाच्या कागदावर ‘याच जागी आधी ऑपरेशन’ असं होतं. ते पहिलं ऑपरेशन कुठलं म्हणून शोधलं तर ते २०१७ चं, आणि त्याची गाठ आमच्याच लॅबमध्ये आलेली. अहवाल : डर्मॅटोफायब्रोमा, बिनाइन, म्हणजे कॅन्सर नाही. खाली सही माझी. जुनी स्लाइड काढून लावली. एका कोपऱ्यात, काचेच्या अगदी कडेला, चरबीचा नखाएवढा तुकडा आहे आणि त्यात ती बोटं आहेत. तेव्हा सीडी३४ मागवायला हवी होती. मी नाही मागवली.

निवासी डॉक्टर काही बोलली नाही. मी तिला म्हटलं, हा रुग्ण तक्त्यात ‘पहिल्या अहवालात चूक’ या रकान्यात जाईल. असा रकाना तक्त्यात नव्हता. तिनं तो केला.

२८ जून
ॲबस्ट्रॅक्टचा पहिला मसुदा आला. इंग्रजी नेटकं. निष्कर्षाच्या ओळीत लिहिलं होतं : १५ रुग्णांपैकी १ मध्ये गाठ परत आली, ६.७ टक्के.

फायलींत तीन वर्षांपुढचा फॉलो-अप फक्त सहाजणांचा आहे. त्यातल्या एकाची परत आली, तोच माझा २०१७ चा. बाकीचे नऊ टाके काढून गेले ते पुन्हा दिसले नाहीत. तिनं त्या नऊजणांना बरे धरलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, “मॅडम, त्रास असता तर आले असते ना.” तिचं काही वेगळं चुकलं असं नाही, आपण सगळे हेच धरून चालतो. पण ही गाठ दुखत नाही. जी गाठ दुखत नाही ती घेऊन जतहून कोण बस धरणार? परत येणाऱ्या गाठींतल्या बहुतेक तीन वर्षांच्या आत येतात, आणि काही दहा वर्षांनीही येतात.

सरांना फोन केला. सर म्हणाले, महिन्यात नऊ माणसं शोधणं अवघड आहे, ज्यांचं माहीत नाही त्यांना सरळ वगळू, सहाजणांवर लिहू. तेही मला पटलं नाही. सहा माणसं आली ती सहा का आली? जवळ राहतात म्हणून, गाडीभाडं परवडतं म्हणून. त्यांच्यावरून नऊजणांचं ठरवता येत नाही. शेवटी ठरलं, अर्जात लिहिलं होतं तसे फोन करायचेच. सापडतील ते सापडतील, न सापडलेल्यांना ‘माहिती नाही’ असंच लिहायचं, आणि तो आकडा ॲबस्ट्रॅक्टमध्ये द्यायचा.

३० जून
फोन संध्याकाळी सातनंतर. दिवसा माणसं रानात असतात. दोन नंबर चुकीचे. एक मोबाईलच्या दुकानदाराचा निघाला, सिमकार्ड घेताना दिलेला. एकाच्या सुनेनं सांगितलं, “मामा वारीला गेल्यात. एकादशी झाल्यावर करा की फोन.”

जतकडच्या एक बाई. आधी मी कोण, कुठून बोलते, कशाला विचारते हे सगळं कागदावरून वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं.
“बोला की, सांगत्ये.”
“मावशी, पाठीवरची गाठ काढली होती, त्या जागी परत काही हाताला लागतं का?”
“लागतंय न्हवं. वाटाण्याएवढी हाय.”
“कधीपासून?”
“झाली आता दोन वरसं. दुखत न्हाई, मग कशाला यायचं म्हटलं.”
सोमवारची वेळ दिली. फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन या म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, “पैसं न्हाई ना लागणार?”

३ जुलै
अथणीकडच्या रुग्णाशी वॉर्डातल्या सिस्टर कन्नडमध्ये बोलल्या. गाठ परत आली होती, गावातच आणखी दोनदा काढून घेतली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का? नाही. दोन्ही वेळा नाही.

हा मुद्दा आम्ही तक्त्यात आधी धरलाच नव्हता. मागे जाऊन पाहिलं : १५ पैकी ९ जणांचं पहिलं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, आणि त्या ९ मधल्या ५ जणांची पहिली गाठ तपासणीला गेलेलीच नाही. छोट्या दवाखान्यात भूल देऊन गाठ काढतात, नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवतात आणि टाकून देतात. तपासणीचा खर्च वाचतो. मला राग येतो तो इथे. रुग्णाला निदान मिळायची ती एकमेव वेळ असते.

४ जुलै
२०१७ चा रुग्ण मार्केट यार्डात हमाल आहे. फोनवर न बोलता त्यांना लॅबमध्ये बोलावलं. दुपारच्या सुट्टीत आले, सदऱ्यावर हळदीची भुकटी, बसताना खुर्ची पिवळी होईल म्हणून उभेच राहत होते. उजव्या खांद्यावरची गाठ पोती उचलून आली असं त्यांना तेव्हा सगळ्यांनी सांगितलेलं. मी सांगितलं की पहिल्या वेळचा अहवाल मी दिला होता आणि तो चुकला होता. स्लाइड दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“तवा कळलं असतं तर केवढं कापलं असतं, बाई?”
दोन बोटं चारी बाजूंनी, मी म्हटलं.

२०२१ मध्ये मांडीची कातडी लावावी लागली होती. तिथे चट्टा खोल आहे. आता पोतं डाव्या खांद्यावर घेतात. परत गाठ नाही, मी स्वतः हात लावून पाहिलं. जाताना म्हणाले, “लिव्हा की मग. माझं नाव न्हाई ना येणार? मग लिव्हा.”

आज आणखी काही काम केलं नाही.

८ जुलै
वारीला गेलेले मामा परतले. गाठ नाही. पंढरपुरापर्यंत चालत गेले-आले, उलट त्यांनीच माझ्या तब्येतीची चौकशी केली.

१४ जुलै
फोनचं काम थांबवलं. नऊपैकी सहा सापडले, त्यातल्या तिघांची गाठ परत आलेली. तिघे सापडले नाहीत. एकाचा नंबर दुसऱ्याकडे गेला आहे, एक विजापूरकडे राहायला गेला असं शेजारी सांगतात. तिसरी ऊसतोड करणारी बाई, बीडकडची. ऑपरेशन हंगामात झालं, पत्त्यात फक्त कारखान्याचं नाव आणि ‘टोळी’. कारखान्याच्या शेती विभागातून मुकादमाचा नंबर मिळाला. तो उचलत नाही. निरोप ठेवला आहे.

तर आता : माहिती असलेले १२, त्यात परत आलेल्या ४, माहिती नसलेले ३. सहा पूर्णांक सात टक्क्यांवरून बारापैकी चारवर आलो, आणि मधे फक्त एक टेलिफोन होता.

१७ जुलै
आकडेमोड. १२ पैकी ७ जणांची मार्जिन, म्हणजे गाठीभोवती काढलेली निरोगी कड, रुंद आणि स्वच्छ, त्यांच्यात परत येणं ०. पाचजणांची मार्जिन अपुरी किंवा गाठ कडेला लागलेली, त्यांच्यात ४. सर खूश झाले. फिशरच्या कसोटीत पी ०.०१ येतो, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानं पडायची शक्यता शंभरात एक.

निवासी डॉक्टरनं लिहिलं, ‘रुंद मार्जिननंतर गाठ परत येत नाही.’ तिला कागदावर करून दाखवलं. सातपैकी शून्य म्हणजे शून्य टक्के असं नाही, ९५ टक्के विश्वासमर्यादेत वरचं टोक ४१ टक्क्यांपर्यंत जातं. शिवाय मार्जिन चिठ्ठ्या टाकून ठरलेली नव्हती. हातापायावर, पाठीवर सरांनी मोठी घेतली. जिथे जागा नव्हती तिथे घेता आली नाही. मग ती स्वतःच म्हणाली, टक्के काढूनच टाकते. इतक्या थोड्या माणसांत ‘१२ पैकी ४’ लिहिलं की वाचणाऱ्याला माणसं दिसतात. ते वाक्य तिचं आहे, आवडलं म्हणून लिहून ठेवते.

२२ जुलै
‘पहिल्या पॅथॉलॉजी अहवालात १ चूक’ ही ओळ ठेवायची की नाही यावर सर आणि मी अर्धा तास बोललो. सरांचं म्हणणं, विषय सर्जरीचा आहे, ३०० शब्दांत जागा नाही, आणि तुम्हाला उगाच कशाला. त्यांचा हेतू चांगला होता. पण गाठ टाकून देणाऱ्या पाच दवाखान्यांची ओळ लिहायची आणि माझी गाळायची, हे मला जमणार नाही. ओळ राहिली.

लेखकांची नावं : ती, सर, मी, आणि कन्नडची सगळी बोलणी करणाऱ्या, तक्ता तपासणाऱ्या, मसुदा वाचून दुरुस्ती सुचवणाऱ्या सिस्टर. काकांचं नाव घालायची फार इच्छा होती. लेखक म्हणवून घ्यायला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते, आणि काका म्हणाले मला इंग्रजी वाचून सही करायची नाही. आभाराला ॲबस्ट्रॅक्टमध्ये जागा नसते. पोस्टर झालं तर त्यावर पहिलं नाव त्यांचं.

२७ जुलै
४१२ शब्द होते, ३०० करायचे. पार्श्वभूमीतली दारिए-फेरांची ओळ गेली. इमॅटिनिब या औषधाबद्दलचं गेलं, आमच्या एकाही रुग्णाला ते लागलं नव्हतं. ‘अत्यंत’, ‘महत्त्वपूर्ण’, ‘पहिल्यांदाच’ गेले. परीक्षकांना लेखक कळू नयेत म्हणून मजकुरात गावाचं नाव चालत नाही, तेव्हा सांगली-मिरज गेलं, कृष्णेचा पूर गेला, उत्तर कर्नाटक गेलं. ‘भारतातला निमशहरी भाग’ एवढं उरलं. नियम योग्य आहे, तरी ते खोडताना हात थांबला.

‘माहिती नसलेले ३’ मात्र तीनही ठिकाणी ठेवलं : पद्धतीत, निकालात, निष्कर्षात. २९८ शब्द.

१ ऑगस्ट
काल रात्री अर्ज गेला. पत्रकात वेळ मध्य युरोपची, २३:५९. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे ३:२९ होतात. तेवढ्यावर विसंबायचं नाही म्हणून संध्याकाळी सहालाच बसलो, आणि बरं झालं. पोर्टल तक्त्यातला प्रत्येक आकडा शब्द म्हणून मोजत होतं. २९८ चे ३३१ झाले. तक्ता मोडून वाक्यं केली. मग हितसंबंधांचे फॉर्म चौघांनी वेगवेगळे भरायचे, सर मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये. रात्री १०:४० ला पोचपावती आली. निवासी डॉक्टर भडंग घेऊन आली होती, आम्ही तिथेच उभ्यानं खाल्लं.

४ ऑगस्ट
जतच्या मावशींचं ऑपरेशन झालं. मार्जिन सगळीकडून स्वच्छ. सकाळी अहवालावर सही केली, सीडी३४ बघून.

९ ऑगस्ट
दुपारी मुकादमाचा फोन. निरोप ठेवला त्याला जवळजवळ चार आठवडे झाले होते. टोळी गावाकडे आहे, दसऱ्यानंतर निघतील. बाई शेजारीच होत्या, त्यांनी फोन घेतला. कागदावरचं सगळं वाचलं, हो म्हणाल्या. मांडीवरची गाठ परत आली आहे, लिंबाएवढी. मोळी उचलताना घासते.

आता १३ पैकी ५, माहिती नसलेले २. पोर्टल बंद झालं आहे, मजकूर बदलता येत नाही. परिषदेच्या कचेरीला ईमेल लिहिली : निकालातला आकडा नंतर बदलला आहे, ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारलं तर सादरीकरणात नवा देऊ. रजिस्टरात काकांनी नोंद केली, शिसपेन्सिलीनं.

बाईंना दसऱ्यापर्यंत थांबू नका म्हटलं. त्यांच्या जवळ कुठे होईल ते सर बघतायत. नाही झालं तर मुकादम म्हणाला, पुढच्या आठवड्यात तो स्वतः उचल घ्यायला कारखान्यावर येणार आहे, त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला बरोबर आणेल. रेशनकार्ड आठवणीनं आणा, एवढं मी दोनदा सांगितलं.